घोड्याचे डोळे

पंधरा वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. देवापुढे बसले तरी त्या दिवसाची आठवण आली की मी पटकन उदबत्ती सरळ करायला लागायचे. गेल्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि आता इथे लिहिते आहे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. तरी ओसरीवर शेजारी बसल्यासारखं ऐका. मध्येच थांबले तर थांबू द्या. मला हे सरळ सांगता येईल असं वाटत नाही — जरा फिरूनच यावं लागेल.

माझं नाव साधना. दिग्रसपासून बसनं अर्ध्या तासावर आमचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर — सगळ्यांची तीच शेती, आमचीही. मी गावच्या अंगणवाडीची सेविका आहे, सोळा वर्षं होतील. कुणाचं लेकरू कितव्या महिन्यात बसायला लागलं, कुणाला पहिला दात कधी आला, हे त्यांच्या आयांपेक्षा मला जास्त ठाऊक असतं. फुशारकी नाही मारत. किंवा मारतच असेन — सवय आहे.

दर महिन्याला मी आयांची बैठक घेते. तिथे माझी एक कापडी पिशवी असते, खेळण्यांची. बाळाच्या हातात काय द्यायचं आणि काय नाही, हे मी बोलून सांगत नाही, दाखवते. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून कडं करायचं. जी वस्तू त्या कड्यातून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या लेकराजवळ ठेवायची नाही. बाजारातून आणलेल्या बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं आधी आपण ओढून पाहायची, चांगला जोर लावून. बॅटरीचं खेळणं असेल तर झाकणाला स्क्रू आहे का ते बघायचं. ती गोल चपटी बॅटरी पोटात गेली तर आतून जाळते. दोरी वीतभराहून लांब नको. रंगाचा उग्र वास आला तर खेळणं परत. आणि काहीच नसलं तर घरातला लाकडी चमचा, स्टीलची वाटी, धुतलेलं फडकं — सात-आठ महिन्यांच्या बाळाला याहून जास्त काय लागतं? बाया हसतात. त्यांना हे पटतं.

पण हसणं थांबवणारीही एक गोष्ट माझ्याकडे होती. शेवटी मी ती सांगायचे. एका कापडी घोड्याची. त्याच्या डोळ्याचा मणी निघाला आणि सात महिन्यांच्या पोरीच्या घशात अडकला. घोडा घरी शिवलेला होता, असं मी म्हणायचे. तांड्यावरच्या एका म्हातारीनं शिवलेला. नाव मी घ्यायचे नाही. नाव घ्यायची गरजच काय होती? गावात घोडे शिवणारी एकच बाई होती.

तिचं नाव धानीबाई. आमच्या गावाला लागूनच बंजारा तांडा आहे, मध्ये फक्त एक नाला. तिथली लेकरं आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच तिला धानीयाडी म्हणायचो. तिला स्वतःचे चार मुलगे, आणि गावात-तांड्यात कुणाकडेही पाळणा हलला की ही काहीतरी शिवून घेऊन यायची. घोडा, हत्ती, मोर, कधी नुसताच एक गोल पक्षी. जुन्या लुगड्याचं कापड, आत आपल्याच शेतातला सरकी काढलेला कापूस, आणि वरून रंगीत दोऱ्याची कशिदाकारी. तिच्या घागऱ्यावर, ओढणीवर आरसे असायचे, कवड्या असायच्या, घुंगरं असायची — ती चालली की आवाज यायचा. पण बाळाच्या खेळण्यावर एक आरसा नाही, एक कवडी नाही. डोळेसुद्धा दोऱ्याचेच. हे तिला कुणी बैठकीत शिकवलं नव्हतं. मी ज्या गोष्टी यवतमाळला प्रशिक्षणाला जाऊन वहीत लिहून आणल्या, त्या तिला आधीपासून येत होत्या.

हे मला माहीत होतं. हेच तर सांगायचं आहे — मला माहीत होतं.

आता गौरीबद्दल. माझी मोठी जाऊ वंदनाताई. आम्ही तेव्हा एकाच घरात, एकाच चुलीवर. तिचं माहेर बोरी अरबचं. लग्नाला बारा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. माझी प्राजक्ता तेव्हा नऊ वर्षांची होती, म्हणजे वंदनाताईनं नऊ वर्षं माझं लेकरू अंगाखांद्यावर खेळवलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मग तिला दिवस गेले, आणि गौरी झाली. त्या पोरीला घरात जमिनीवर पायच टेकू दिला नाही कुणी. सात महिने झाले तेव्हा उष्टावण ठरलं. दिग्रसहून फोटोवाला बोलावला. सासूबाईंनी तीन दिवस आधीपासून अनारशांची तयारी केली.

आदल्या दिवशी दुपारी धानीयाडी घोडा घेऊन आली. घरात मी एकटीच होते. सासूबाई आणि वंदनाताई देवळात गेल्या होत्या. ओसरीवर टेकून ती पाणी प्यायली, घोडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उद्या वेचणी हाय, मले येणं नाही होत. पोट्टीच्या हाती देजो." आणि गेली.

लाल घोडा. हिरव्या-पिवळ्या दोऱ्याची आयाळ. सुंदर होता. पण डोळे काळ्या दोऱ्याचे, बारीक, मिटल्यासारखे. मला वाटलं, फोटोत हे दिसायचेच नाहीत. एवढा छान घोडा आणि आंधळा दिसतो.

माझ्या लग्नातल्या ब्लाउजला मागे लटकन होतं, निळ्या मण्यांचं. हरभऱ्याएवढे, काचेसारखे चमकणारे मणी. मी त्यातले दोन कापले आणि सुईदोऱ्यानं घोड्याच्या दोऱ्याच्या डोळ्यांवर शिवले. प्रत्येकी तीन टाके घातले असतील. घाईतच, कारण चुलीवर दूध होतं.

मला तेव्हा सेविका म्हणून लागून आठ महिने झाले होते. प्रशिक्षणाहून येऊन दोनच महिने झाले होते. कड्यातून आरपार जाणारी वस्तू लेकराजवळ ठेवायची नाही, हे मी दोन बैठकांत बायांना शिकवलं होतं. तरी मी ते मणी शिवले. विसरले म्हणून नाही. शिवताना ते मनात आलंसुद्धा होतं. मी स्वतःला म्हटलं — फोटोपुरते. संध्याकाळी काढून टाकीन.

उष्टावण छान झालं. फोटोही छान आला. मांडीवर गौरी, तिच्या हातात लाल घोडा, त्याचे निळे डोळे चकचकीत. तो फोटो अजून वंदनाताईच्या खोलीत आहे.

पाहुणे जेवून गेले. भांडी घासायला आम्ही मागच्या दारी बसलो होतो. गौरी आत गोधडीवर होती, तिच्याजवळ प्राजक्ता. आणि प्राजक्तानं हाक मारली, "आई, गौरी कशी करते पाह्य."

मी आत गेले तेव्हा पोरीचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. रडणं नाही, खोकला नाही. ओठ निळे व्हायला लागले होते. वंदनाताई दारातच खाली बसली. मी पोरीला उचललं, हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेनं तिच्या पाठीवर थापा मारल्या. एक. दोन. तीन. चौथ्या थापेला काहीतरी फरशीवर टप्पकन पडलं, आणि गौरी रडली. तसं रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. इतकं गोड.

म्हणजे बघा — पोरीला मी वाचवलं. हे खोटं नाही. गावात हेच सांगतात आणि ते खरंच आहे. साधनानं वाचवली. दर वाढदिवसाला गौरी केकचा पहिला तुकडा मला भरवते. दर दिवाळीला वंदनाताई मला साडी घेते, आणि ती नेसून मी फराळ वाढते. पंधरा साड्या आहेत कपाटात. तुम्ही म्हणाल, मग चूक कुठली? एक मणी निसटला, चुकून निसटला, पोरगी वाचली...

थांबा. ते अजून सांगितलंच नाही मी.

फरशीवरचा मणी सासूबाईंनी उचलला. घोडा पाहिला — एक डोळा गेलेला. त्यांनी घोडा चुलीत घातला. जुनं कापड, कापूस, भसकन पेटला. मी तिथेच उभी होते. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलं असतं तर, "आत्याबाई, तो मणी मी लावला" — पाच शब्द. पण घरात सगळे माझ्याकडे कसे बघत होते म्हणून सांगू! सासरे, दीर, शेजारच्या बाया. वंदनाताई माझे पाय धरत होती. आठ महिन्यांची सेविका मी, आणि सगळं गाव उद्या म्हणणार की हिच्यामुळे पोरगी जगली. ते कुणाला सोडवतं?

नाला ओलांडायला बातमीला किती वेळ लागतो? सूर्य मावळायच्या आत धानीयाडी धावत आली. कापूस वेचून आलेली, ओटीला अजून कापसाचे धागे. पोरीला बघायला ती पुढे झाली तर वंदनाताईनं तिला अंगणातच अडवलं. आयुष्यात कुणाला 'अरे'सुद्धा न म्हणणारी वंदनाताई — ती त्या दिवशी काय काय बोलली ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "माह्या दारात पुन्हा पाय ठेवू नको."

धानीयाडी गोंधळून म्हणाली, "पण माय, माह्या घोड्याले मणी नव्हता. म्या दोऱ्याचे डोये काढले होते."

सासूबाई म्हणाल्या, "मंग मणी काय आभायातून पडला?" आणि माझ्याकडे वळल्या. "साधना, तिच्या हातून घोडा तू घेतला होता न? होते ना त्याले मणी?"

अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते. धानीयाडीही. तिच्या नजरेत धाक नव्हता, राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती, की आता साधना सांगेल आणि हे मिटेल.

मी म्हटलं, "होते."

एवढंच. एक शब्द. पंधरा वर्षं जो लपवला तो हा. मणी शिवणं ही चूक होती — ती मी तुम्हाला केव्हाच सांगितली असती. हा शब्द मात्र चुकून निघाला नव्हता.

आणि धानीयाडी काय म्हणाली माहीत आहे? ती माझ्याशी भांडली नाही. कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाली, "तू म्हणतं तर असन, माय." आणि नाल्याकडे चालू लागली.

त्यानंतर तिनं कुणाच्या बाळासाठी काही शिवलं नाही. गावात नाही, तांड्यातही नाही. तिच्या स्वतःच्या नातवंडांना बाजारातली खेळणी आली. कुणी विचारलं तर म्हणायची, हात म्हातारा झाला. तेव्हा ती जेमतेम पंचावन्नची होती.

आणि मी? बैठकीत एकदा कुणीतरी बाई म्हणाली, "जसं गौरीचं झालतं तसं नं, ताई?" मी मान हलवली. पुढच्या वेळी मीच सांगितलं. पहिल्यांदा सांगताना मी अडखळले होते. नंतर नंतर मला ती गोष्ट छान सांगता यायला लागली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली करायचा. बायांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. घरी जाऊन त्या खरंच खेळण्यांचे डोळे ओढून बघायच्या. चांगल्या कामासाठीच सांगते ना, असंही मी स्वतःला म्हणून पाहिलं. पण चांगलं काम करायला 'एका बाईनं मणी लावला' एवढं पुरलं असतं. 'तांड्यावरची म्हातारी' मी काहून म्हणत होते?

आता गेल्या हिवाळ्याचं. माझी प्राजक्ता लग्न होऊन पुसदला असते. तिला मुलगा झाला, आरव. तो सात महिन्यांचा असताना ती महिनाभर राहायला आली. घर कसं भरून गेलं! तिनं मोबाइलवरून मागवलेली खेळणी खोक्यांतून येत होती, आणि आम्ही मायलेकी दुपारी ती उघडून तपासत बसायचो. एका माकडाचं पोट दाबलं की ते गाणं म्हणायचं. त्याच्या बॅटरीचं झाकण नखानं उघडलं. ते परत पाठवलं. रबराचं एक जिराफ चांगलं निघालं, चावायला मऊ, कुठे सांधा नाही. आरवनं ते दोन दिवसांत लाळेनं भिजवून ठेवलं. मी त्याला मांडीवर घेऊन बसायचे, आणि खरं सांगते, त्या महिन्यात मला कसलंच दुःख नव्हतं. इतकी सुखी मी बाळंतपणातही नव्हते.

एक दिवस सकाळी आम्ही त्याला घेऊन अंगणवाडीकडे निघालो होतो. समोरून धानीयाडी येत होती, डोक्यावर तुरीच्या तुराट्यांचा भारा. आता सत्तरीची. आम्हाला पाहून तिनं भारा उतरवला. आरवकडे बघून तिचा चेहरा खुलला. आणि मग तिनं एक केलं — त्याला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे प्राजक्तापुढे उघडून धरले. बोटं पसरून. म्हणाली, "पाह्य पोरी, काही नाही हातात." मग एका बोटानं आरवच्या गालाला शिवली.

तिला सवय झाली होती. दिसेल त्या आईपुढे ती आधी हात उघडून दाखवत असणार. किती वर्षं? मला कसं दिसलं नाही? की दिसलं होतं आणि मी बघितलं नाही?

पुढे गेल्यावर प्राजक्ता सहज म्हणाली, "आई, ही तीच ना? घोडेवाली?"

माझ्या लेकीला, जिनं तो घोडा हातात घेतला होता, जिनं मला हाक मारली होती, तिलाही मीच हे शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाला ओलांडून तांड्यावर गेले. धानीयाडी अंगणात तूर पाखडत होती. तिनं मला खाटेवर बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. थांबले असते तर उठून आले असते, मी स्वतःला ओळखते. सगळं सांगितलं. ब्लाउजचं लटकन, तीन टाके, चुलीवरचं दूध. आणि तो शब्द.

मला वाटत होतं, तिला कधीच कळलं असेल. ती मनात मला ओळखून असेल आणि मोठ्या मनानं गप्प राहिली असेल. मी तेही गृहीत धरून बसले होते, बघा — तिचा मोठेपणासुद्धा.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "म्हंजे म्या नव्हता लावला?"

"नाही, याडी."

"पक्कं?"

"पक्कं. मी लावला."

 ती सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. त्या दिवसांत नातीचं लग्न होतं, तिच्या घागऱ्यावर ती मणी आणि आरसे लावत होती, सगळं एकाच पेटीत पडलेलं. मी 'होते' म्हटल्यावर तिला वाटलं, आपल्याच हातून लागला असेल. कामाच्या घाईत हात चुकला आणि आपल्या ध्यानातही राहिलं नाही. "लेकराचा जीव घेणारा टाका म्या घातला आन् मले यादच नाही. मंग मले माह्याच हाताचं भेव वाटे. सुई घेतली का वाटे, आता काय करून ठेवीन अन् काय नाही." तिनं स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. "पंधरा सालं म्या माह्या हाताले दोष देल्ला, साधना."

चहा आला. तिनं सुनेला तो माझ्यासमोरून उचलायला सांगितला नाही. पण मला घे, असंही म्हणाली नाही.

"तू जाय आता," ती म्हणाली. "आज मले तुह्याशी बोलनं नाही."

मी आले.

त्याच संध्याकाळी वंदनाताईला सांगितलं. आता आमच्या चुली वेगळ्या आहेत, पण भिंत एकच. ती भाकरी थापत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "तुनं पोरीले वाचवलं, थे खरं हाय. तुनंच मणी लावला, थे बी खरं. दोन्ही म्या पचवून घेईन. पण धानीयाडीले म्या अंगणात जे बोलली, थे आता वापस कसं घेऊ? सांग." 

तिनं माझ्याशी बोलणं टाकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला न विचारता, गौरीला घेऊन ती तांड्यावर गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नाही. गौरी तेवढं म्हणाली, "काकू, थ्या दोघी लय रडल्या. मंग याडीनं मले जवळ घेतलं न् म्हणे, किती उंच झाली थे पोट्टी." गौरी दिग्रसच्या कॉलेजात अकरावीला आहे, कबड्डी खेळते. तिनं माझ्याकडे काही वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही. तिच्या वयात हे सगळं जुन्या काळातलं वाटत असेल.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी पिशवी उघडली, कडं करून दाखवलं, चाकं ओढून दाखवली. शेवटी ती गोष्ट सांगितली — या वेळी नावानं. घोडा धानीयाडीनं शिवला होता आणि तो निर्दोष होता. मणी मी लावला होता. तिच्या तोंडावर खोटं मी बोलले, आणि इतकी वर्षं तुमच्यापुढेही तेच बोलत आले. दारापाशी बसलेल्या तांड्यावरच्या दोन सुनांनी एकमेकींकडे पाहिलं.  मग एकीचं बाळ रडायला लागलं, ती त्याला पाजायला वळली, आणि बैठक संपली. दोन बाया त्यानंतर महिनाभर आपली लेकरं पाठवत नव्हत्या. आता पाठवतात.

धानीयाडी पुन्हा शिवायला लागली आहे. मोतीबिंदूमुळे सुईत दोरा ओवता येत नाही, तर रविवारी गौरी जाते आणि आठवड्याभराच्या दहा-बारा सुया ओवून ठेवून येते. पहिला हत्ती तांड्यातल्या जुळ्यांतल्या थोरल्याला मिळाला, मग धाकट्यालाही एक करावा लागला. पोळ्याच्या सुमारास गावातल्या रेखाच्या मुलीला मोर मिळाला. रेखा तो मला दाखवायला घेऊन आली. मी सवयीनं ओढून पाहिला. एक धागा हलला नाही.

परवा प्राजक्ता आरवला घेऊन पुन्हा आली आहे. तो आता दुडूदुडू चालतो. काल मी त्याला अंगणवाडीत नेलं तर त्यानं थेट रेखाच्या मुलीचा मोर ओढला आणि छातीशी धरून बसला. सोडेचना. प्राजक्ता म्हणाली, "आई, याडीले एक माग ना याच्यासाठी."

माझ्या नातवासाठी याडीनं काही शिवलेलं नाही. रस्त्यात भेटली तर ती थांबते, आरवला उचलून घेते — आता आधी तळवे दाखवत नाही — त्याच्याशी त्यांच्या बोलीत काहीबाही बोलते, आणि माझ्याशी कामापुरतं. तेवढं आहे. मला तेवढ्यात बरं वाटतं.

मी प्राजक्ताला नाही म्हटलं. आरवच्या मुठीतून मोर सोडवला, पुसला, आणि रेखाच्या मुलीला परत दिला. तो भोकाड पसरून रडला. मग त्याला कडेवर घेऊन मी बाहेर आले आणि शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या दाखवत उभी राहिले.